इंग्रजी वाक्यात क्रियाविशेषण मोडलच्या आधी की नंतर?

डिचोलीहून रोज कळंगुटला जाऊन एका हॉटेलच्या स्वागतकक्षात काम करणाऱ्या माझ्या एका माजी विद्यार्थिनीने विचारलेला प्रश्न असा आहे. 'कॅन', 'विल', 'शुड', 'मस्ट' यांसारखे मोडल क्रियापद वाक्यात असेल तर क्रियाविशेषण त्याच्यानंतर लिहावे, असे ती शाळेत शिकली होती. तरीही बोलताना तिच्या तोंडून 'आय ऑलवेज कॅन अरेंज अ टॅक्सी फॉर यू' असे वाक्य गेले आणि वरिष्ठांनी ते सुधारून 'आय कॅन ऑलवेज अरेंज अ टॅक्सी फॉर यू' असे सांगितले, तेव्हा तिला ते लगेच पटले. मात्र त्याच संध्याकाळी एक इंग्रज पाहुण्या बाई 'आय रिअली मस्ट गो नाउ' असे म्हणत उठल्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा याल का, या प्रश्नाला त्यांनी 'आय प्रॉबेबली विल' असे उत्तर दिले. दोन्ही वाक्यांत क्रियाविशेषण मोडलच्या आधी आहे. मग खरा नियम कोणता, हा तिचा मुख्य प्रश्न. त्याशिवाय 'आय टोल्ड यू यस्टरडे ओन्ली', 'द मॅनेजर वोन्ट प्रॉबेबली कम टुडे' आणि 'प्लीज स्विच ऑफ इट' ही तिची आणखी तीन वाक्ये का चुकली, हेही तिला समजून घ्यायचे आहे.

वरिष्ठांची दुरुस्ती बरोबर आहे, पाहुण्या बाईंची दोन्ही वाक्येही बरोबर आहेत आणि शाळेतला नियम खोटा नाही. तो अर्धा आहे. फोंड्यात 27 वर्षे उच्च माध्यमिक वर्गांना इंग्रजी शिकवताना मी स्वतः बराच काळ हा अर्धा नियमच फळ्यावर लिहीत असे, म्हणून उरलेला अर्धा येथे सविस्तर मांडतो.

इंग्रजी बोलणारा माणूस सर्वनाम आणि मोडल हे दोन शब्द सुटेसुटे उच्चारत नाही, ती एक जोडी असते. 'आय विल' याचे 'आइल' होते, 'शी विल'चे 'शील' होते, 'दे वुड'चे 'देड' होते. 'कॅन' लिहिताना तसाच राहतो, पण बोलताना त्याचाही उच्चार आखडून 'कन' असा होतो आणि तो मागच्या सर्वनामाला टेकतो. या जोडीतल्या कोणत्याही शब्दावर आघात, म्हणजे आवाजाचा जोर, नसतो. आघात पुढे येणाऱ्या मुख्य क्रियापदासाठी राखलेला असतो. क्रियाविशेषण येते ते ही जोडी उच्चारून झाल्यावर: 'आइल प्रॉबेबली वेट', 'यू कन ऑलवेज आस्क', 'शी शुड नेव्हर साइन'. शाळेतल्या नियमाचे मूळ येथे आहे. क्रियाविशेषण मोडलच्या नंतर येते असे म्हणण्यापेक्षा ते सर्वनाम आणि मोडल यांच्या जोडीनंतर येते असे म्हटले, तर पुढच्या पुष्कळ गोष्टी आपोआप उलगडतात.

क्रियाविशेषण जोडीच्या मध्ये घातले की जोडी तुटते. तुटल्यावर मोडल एकटे पडते, त्याला टेकायला सर्वनाम उरत नाही, त्यामुळे त्याचा उच्चार पूर्ण करावा लागतो आणि बहुधा आघातही त्याच्यावरच येतो. 'आय रिअली मस्ट गो' या वाक्यात बाईंना नेमके हेच हवे होते: निघायला हवे ही गोष्ट त्या ठासून सांगत होत्या, कदाचित कोणी तरी आग्रहाने थांबवत असतानाही. 'यू रिअली शुड सी अ डॉक्टर', 'आय सिंपली कान्ट ॲग्री', 'आय नेव्हर कुड अंडरस्टँड क्रिकेट' ही वाक्ये याच जातीची आहेत. यावरून 'आय ऑलवेज कॅन अरेंज अ टॅक्सी' या वाक्यातला दोषही कळतो. ते वाक्य व्याकरणाने अशक्य नाही. समोरच्याने आपल्या क्षमतेवर शंका घेतली आणि आपण ती परतवून लावत आहोत, असा सूर त्याला येतो, आणि ज्या पाहुण्याने नुकतीच बॅग खाली ठेवून सहज चौकशी केली, त्याच्याशी बोलताना हा सूर शोभत नाही.

आपल्या कानांना हा फरक सहसा जाणवत नाही, याचे एक कारण आपल्या उच्चारात आहे. आपण गोव्यात, किंबहुना भारतात बहुतेक ठिकाणी, 'कॅन' हा शब्द कुठेही आला तरी पुरा 'कॅन' असाच उच्चारतो. त्यामुळे जोडी असो वा नसो, आपले वाक्य सारखेच ऐकू येते आणि जागा बदलल्याने सूर बदलतो हे आपल्या लक्षात येत नाही. विद्यार्थ्यांनी व्याकरणाचे तक्ते पाठ करण्याआधी 'आइल', 'यूड', 'आय कन' हे तुकडे तोंडात बसवावेत, असे मी अलीकडे सांगतो. क्रियाविशेषणाची जागा त्यानंतर पुष्कळ अंशी जीभच ठरवते.

'आय प्रॉबेबली विल' या उत्तराचे कारण थोडे वेगळे असले तरी मूळ तेच आहे. येथे मुख्य क्रियापद प्रश्नात येऊन गेल्यामुळे गाळले आहे आणि 'विल' वाक्याच्या अगदी शेवटी उभे आहे. शेवटी आलेले मोडल आखडत नाही. 'यस, आइल' असे कोणी उत्तर देत नाही, 'यस, आय विल' असेच देतात. म्हणजे जोडी आधीच सुटलेली आहे आणि क्रियाविशेषणाला मोडलच्या पुढे बसायला काही उरलेलेही नाही. ते आधी जाऊन बसते. 'वी ऑलवेज डू', 'ही नेव्हर कॅन', 'यू सर्टनली मे', 'ही यूज्वली इज' ही सगळी तोकडी उत्तरे याच साच्यातली आहेत. 'आय विल प्रॉबेबली' असे अर्धवट उत्तर दिले तर ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहतो.

आता आपल्याकडून 'आय ऑलवेज कॅन' हे सहज का निघते ते पाहू. मराठीत 'शकणे', 'लागणे', 'पाहिजे' ही कामे वाक्याच्या शेवटी होतात: 'मी तुम्हांला केव्हाही टॅक्सी बोलावून देऊ शकते.' कर्ता पहिल्या टोकाला, 'शकते' दुसऱ्या टोकाला, आणि 'केव्हाही' किंवा 'नेहमी' हे कर्त्याच्या जवळपास. कोंकणीतही 'करूंक शकता' शेवटीच येते. घरी कोंकणी, शाळेत मराठी आणि कामावर इंग्रजी अशा तीन भाषांत वावरणारी आपली मुले 'आय' म्हणून झाल्याबरोबर 'ऑलवेज' म्हणून मोकळी होतात, कारण त्यांच्या दोन्ही जवळच्या भाषांत त्या जागी तोच शब्द येतो. ही निष्काळजीपणाची चूक नाही, आणि ती तशी समजून मुलांना रागावणे अन्यायाचे आहे.

याहून खोल परिणाम आपल्या 'च' आणि 'ही' यांचा होतो, आणि माझ्या अनुभवात सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा लागतो. मराठी व्याकरण त्यांना शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणते. ती शब्दाचे सामान्यरूप न करता ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला थेट चिकटतात. 'मीच सही करू शकते', 'मी सहीच करू शकते', 'मी आजच सही करू शकते' या तीन वाक्यांत एक अक्षर फिरते आणि अर्थ बदलतो. इंग्रजीला असे चिकटणारे अक्षर नाही. तिला हे काम शब्दाच्या जागेने आणि आवाजाच्या आघाताने करावे लागते. 'ओन्ली आय कॅन साइन इट' म्हणजे मीच. येथे 'ओन्ली' सर्वनामाच्या आधी येते, नंतर येत नाही. 'आय कॅन ओन्ली साइन इट' म्हणजे मी सहीच करू शकते, बाकीचे माझ्या हातात नाही. 'आय कॅन साइन इट ओन्ली टुडे' म्हणजे फक्त आज. बोलताना इंग्रज माणूस पुष्कळदा 'आय कॅन ओन्ली साइन इट टुडे' असे एकच वाक्य म्हणतो आणि 'साइन'वर किंवा 'टुडे'वर आघात देऊन अर्थ वेगळा करतो. लेखनात आघात दिसत नाही, म्हणून पत्रात, अर्जात किंवा पाहुण्याला पाठवायच्या संदेशात 'ओन्ली' ज्या शब्दाशी संबंधित आहे त्याच्या लगेच आधी ठेवणे सुरक्षित असते.

परंतु 'च' नेहमी 'फक्त' या अर्थाचा नसतो, आणि 'आय टोल्ड यू यस्टरडे ओन्ली' या वाक्याची अडचण तीच आहे. 'मी तुम्हांला कालच सांगितले' असे आपण म्हणतो तेव्हा इतर दिवस वगळायचे नसतात. सांगण्यात उशीर झालेला नाही, काल सांगून झाले, हे ठासायचे असते. इंग्रजीतले 'ओन्ली' वगळण्याचे काम करते, असे ठासण्याचे नाही. शिवाय 'ओन्ली यस्टरडे' या शब्दांचा रूढ अर्थ 'अगदी अलीकडे, काल-परवाच' असा आहे. म्हणजे विद्यार्थिनीला 'इतक्या आधी सांगितले होते' असे म्हणायचे होते आणि परक्या कानाला 'आत्ता कालच तर सांगितले' असा जवळजवळ उलटा अर्थ लागण्याची भीती होती. या ठिकाणी इंग्रजी सहायक क्रियापद पुढे आणते: 'आय डिड टेल यू यस्टरडे', आघात 'डिड'वर. पाहुण्याशी बोलताना ते जरा तिखट वाटेल, तेव्हा 'आय डिड मेन्शन इट यस्टरडे' हे अधिक सौम्य. आपसात बोलताना वाक्याच्या शेवटी येणारे 'ओन्ली' आपल्याकडे सर्वांना समजते आणि भारतीय इंग्रजीचा तो एक जिवंत भाग आहे, त्यामुळे मित्रांच्या गप्पांत मी ते कधी दुरुस्त करत नाही. कामाच्या लेखनात मात्र करतो. पाटीवर 'मेंबर्स ओन्ली' किंवा 'फॉर चिल्ड्रन ओन्ली' लिहिलेले असते ते योग्यच आहे, कारण तेथे 'ओन्ली' शेवटी असले तरी खरोखरच इतरांना वगळत असते.

'ही'चे तसेच. 'मीही पोहू शकते' आणि 'मी पोहूही शकते' यांत मराठीला संदिग्धता ठाऊक नाही. इंग्रजीत 'आय कॅन ऑल्सो स्विम' हे दुसऱ्या अर्थाकडे झुकते: इतर गोष्टी येतातच, पोहताही येते. पहिला अर्थ हवा असेल तर 'आय कॅन स्विम टू' असे म्हणून 'आय'वर आघात द्यावा, किंवा 'सो कॅन आय' असे म्हणावे, ज्यात मोडल सर्वनामाच्या आधी उडी मारते. नकारात 'नायदर कॅन आय'. ही उडी इंग्रजीत आणखी एका प्रसंगी सक्तीची असते. नकाराचा किंवा 'ओन्ली'चा भाव असलेले, पण कर्त्याशी संबंधित नसलेले शब्द वाक्याच्या तोंडाशी आणले, तर मोडलने सर्वनामाच्या आधी यायलाच हवे: 'नेव्हर विल आय साइन दॅट', 'ओन्ली ॲट लो टाइड कॅन यू वॉक टू दोज रॉक्स'. हे साचे भाषणात आणि निबंधात शोभतात, रोजच्या बोलण्यात कमीच येतात.

तिच्या त्या तीन वाक्यांपैकी दुसरे वाक्य नकाराचे आहे. 'वोन्ट प्रॉबेबली' का चुकते हे समजायला एक सूत्र पुरते: नकाराच्या आधी आलेला शब्द नकाराच्या कक्षेबाहेर असतो आणि नंतर आलेला शब्द सहसा त्याच्या कक्षेत सापडतो. मॅनेजर येणार नाहीत, ही गोष्ट संभाव्य आहे. म्हणजे संभाव्यता बाहेर आणि नकार आत. म्हणून 'द मॅनेजर प्रॉबेबली वोन्ट कम टुडे'. नकार आखडून न लिहिता पुरा लिहिला तर 'विल प्रॉबेबली नॉट कम' हेही चालते, आणि तेथेही 'प्रॉबेबली' 'नॉट'च्या आधीच आहे. 'सर्टनली', 'डेफिनेटली' आणि 'स्टिल' यांनाही हेच लागू: 'शी डेफिनेटली वोन्ट ॲग्री', 'आय स्टिल कान्ट फाइंड द की'. खात्री किंवा शक्यता सांगणाऱ्या शब्दांबाबत जोडी तोडल्याने विशेष जोर येतो असे नाही, कारण येथे त्यांना दुसरी सोयीची जागाच नाही.

काही शब्द मात्र नकाराच्या दोन्ही बाजूंना बसतात आणि बाजू बदलली की अर्थ बदलतो. 'आय रिअली कान्ट से' म्हणजे मला खरोखरच सांगता येत नाही. 'आय कान्ट रिअली से' म्हणजे तसे नक्की सांगता येणार नाही. पहिल्यात ठामपणा, दुसऱ्यात संकोच. 'आय जस्ट कान्ट लीव्ह' म्हणजे निघणे मला शक्यच नाही; 'आय कान्ट जस्ट लीव्ह' म्हणजे असे सगळे टाकून निघून जाता येत नाही. कामाच्या ठिकाणी या दोहोंची गल्लत महागात पडू शकते. मराठीत नकार शेवटी येत असल्याने आपण ही भेदरेषा वेगळ्या रीतीने आखतो. 'बस नेहमी वेळेवर येत नाही' हे मराठी वाक्य दोन्ही अर्थांनी ऐकले जाऊ शकते: कधीच वेळेवर येत नाही, किंवा काही वेळा येते आणि काही वेळा नाही. 'नेहमीच' म्हटले की दुसरा अर्थ पक्का होतो. म्हणजे येथेही 'च' आपल्या मदतीला धावतो. इंग्रजीत 'द बस डझन्ट ऑलवेज कम ऑन टाइम' याला यांपैकी फक्त दुसरा अर्थ आहे. पहिल्या अर्थासाठी 'नेव्हर' हवे. 'ऑलवेज डझन्ट' हा प्रयोग आपल्याकडे ऐकू येतो, पण तो टाळावा.

अर्थाच्या जुळणीबद्दलही थोडे सांगायला हवे. मोडल आणि क्रियाविशेषण यांच्या शक्यतेची मापे जुळली पाहिजेत. 'विल प्रॉबेबली' जुळते, कारण 'प्रॉबेबली' म्हणजे बहुतेक. 'मे प्रॉबेबली' जुळत नाही, कारण 'मे' फक्त 'कदाचित' एवढेच म्हणते. सरकारी पत्रांतही हा प्रयोग दिसतो, तरी तो सोडून द्यावा. 'मे'ची शक्यता वाढवायची असेल तर इंग्रजीत 'वेल' वापरतात: 'द फेरी मे वेल बी लेट', म्हणजे फेरीबोटीला उशीर होण्याची चांगलीच शक्यता आहे. त्यात 'ॲज' मिसळले की अर्थ पार बदलतो: 'वी माइट ॲज वेल टेक द फेरी', म्हणजे चोडणला जायचे तर आता रायबंदरहून फेरीबोटच घेऊ, त्याहून बरा पर्याय दिसत नाही. 'पॉसिब्ली' हा शब्द 'कुड यू पॉसिब्ली'मध्ये विनंती मऊ करतो आणि 'यू कान्ट पॉसिब्ली'मध्ये नकार कठोर करतो. 'मेबी' आणि 'मे बी' यांतही गोंधळ होतो: एकत्र लिहिलेले क्रियाविशेषण वाक्याच्या सुरुवातीला येते, 'मेबी शी इज ॲट होम', तोडून लिहिलेले मोडल आणि क्रियापद सर्वनामानंतर येतात, 'शी मे बी ॲट होम'.

'हॅव टू' आणि 'यूज्ड टू' ही अर्थाने मोडलसारखी असली तरी वागतात साध्या क्रियापदासारखी, म्हणून 'आय ऑलवेज हॅव टू एक्स्प्लेन' हेच बरोबर आणि त्यात कोणताही जादा जोर नाही. 'यू हॅड बेटर'चा नकार 'यूड बेटर नॉट' असा होतो. एकामागून एक सहायक क्रियापदे आली तर वारंवारता आणि शक्यता सांगणारे शब्द पहिल्यानंतर बसतात. काम कसे केले हे सांगणारे शब्द थेट मुख्य क्रियापदाला लागून येतात: 'द बिल शुड ऑलवेज हॅव बीन केअरफुली चेक्ड'.

शेवटचे वाक्य 'प्लीज स्विच ऑफ इट'. येथे 'ऑफ' हा शब्द क्रियापदाला जोडलेले क्रियाविशेषणच आहे. नाम असेल तर 'स्विच ऑफ द फॅन' आणि 'स्विच द फॅन ऑफ' दोन्ही चालते. सर्वनाम असेल तर फक्त 'स्विच इट ऑफ'. कारण पुन्हा आघाताचे आहे. इंग्रजी वाक्यखंडाच्या शेवटची जागा सहसा वजनदार, नव्या माहितीची असते, आणि 'इट' हे आधीच ठाऊक असलेल्या वस्तूला दाखवणारे हलके सर्वनाम ते वजन पेलत नाही. बेतीच्या धक्क्यावर पणजीहून येणारी बोट दिसली की 'हिअर कम्स द फेरी' म्हणतात, पण बोटीचा उल्लेख आधीच झाला असेल तर 'हिअर इट कम्स', हेही त्याचमुळे. 'हिअर कम्स इट' होत नाही. 'लुक आफ्टर इट'मध्ये 'इट' शेवटी येते, कारण तेथे 'आफ्टर' पुढच्या शब्दाला बांधलेले आहे. 'लुक द बॅग आफ्टर' असे कधीच म्हणता येत नाही, यावरून ते ओळखावे. पूर्ण क्रियाविशेषणही क्रियापद आणि त्याचे सर्वनाम यांच्यामध्ये घालू नये: 'आइल ब्रिंग इट इमिजिएटली', 'ब्रिंग इमिजिएटली इट' नव्हे.

तेव्हा खोलीतला वातानुकूलक बंद करून हवा असे पाहुण्याने सांगितल्यावर तिने म्हणावे: 'आइल जस्ट स्विच इट ऑफ फॉर यू.' 'आइल' एका श्वासात आणि हलके, मागोमाग 'जस्ट', मग 'स्विच', त्याला टेकलेले 'इट', आणि आघात 'ऑफ'वर.